नल डिव्हाइस: काहीही न करणारी फाइल प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टमला का लागते?

रिक्तसंच (धागाकर्ता)

युनिक्स, लिनक्स आणि मॅकओएसवर '/डेव्ह/नल', विंडोजवर 'एनयूएल', अमिगावर 'एनआयएल:', ओपनव्हीएमएसवर 'एनएल:'. नावे निराळी असली तरी यांचे काम एकच आहे. जे काही लिहिले जाईल ते निमूटपणे स्वीकारायचे आणि कुठेही साठवायचे नाही. कोणी वाचायला आले तर पहिल्याच वाचनाला फाइल संपल्याचे सांगून मोकळे व्हायचे.

यासंबंधी माझे दोन प्रश्न आहेत. नको असलेले आउटपुट टाकून देणे एवढाच हेतू असेल, तर प्रत्येक प्रोग्रॅमला गप्प राहण्याचा पर्याय देऊन भागले असते. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टमने एक अख्खे डिव्हाइस का बाळगावे? आणि दुसरे म्हणजे, नावाखेरीज या सगळ्यांत काही खरा फरक आहे, की एकच स्क्रिप्ट नुसते नाव बदलून तिन्ही-चारी ठिकाणी चालवता येते? आजच्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये हीच सोय भाषेच्या पातळीवर मिळत असल्याने हे डिव्हाइस आता केवळ जुन्या सवयीपोटी टिकून आहे, असे माझे मत आहे. विरोधी मतांचे स्वागत आहे.

शेलारमामा

रिक्तसंच, तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे नल डिव्हाइस फक्त आउटपुट टाकून देण्यासाठी असते. प्रत्यक्षात ते 'मला फाइल हवीच' असा हट्ट धरणाऱ्या प्रोग्रॅमची समजूत काढण्यासाठी असते. गप्प राहण्याचा पर्याय द्यायचा ठरवले, तर तो प्रत्येक प्रोग्रॅमच्या लेखकाला स्वतंत्रपणे लिहावा लागेल, प्रत्येक जण त्यासाठी निराळे अक्षर निवडेल आणि निम्मे जण तो द्यायलाच विसरतील. त्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टमने एक रिकामे ठिकाण एकदाच उपलब्ध करून दिले, की आपले लिखाण कुठे जाते आहे याची विचारपूस करण्याची गरज कोणत्याच प्रोग्रॅमला उरत नाही.

युनिक्समध्ये हे १९७३ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. युनिक्ससारख्या सिस्टमांसाठीच्या पॉझिक्स मानकाने '/डेव्ह' मध्ये असायलाच हव्यात अशा ज्या तीनच फाइली सांगितल्या आहेत, त्यांत कन्सोल आणि टीटीवाय (टर्मिनल) यांच्या पंक्तीला नलही आहे.

वाचण्याच्या बाजूचे एक उदाहरण देतो. ग्रेप या फाइलींत शब्द शोधणाऱ्या कमांडला एकच फाइल दिली, तर सापडलेल्या ओळीसमोर ते फाइलीचे नाव छापत नाही; एकाहून अधिक फाइली दिल्या तर छापते. फाइली शोधून काढणाऱ्या 'फाइंड' मधून ग्रेप चालवताना एखाद्या फेरीत एकच फाइल वाट्याला आली, की ओळ कुठली हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून जुनी मंडळी 'ग्रेप शब्द /डेव्ह/नल फाइल' असे लिहीत आली आहेत. नलमध्ये तो शब्द सापडण्याची शक्यता शून्य, पण फाइलींची संख्या दोन होते आणि नाव छापले जाते. येथे टाकून काहीच दिलेले नाही. उलट, काही नसणे हेच उपयोगी पडले आहे.

तात्पर्यहीन

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, या म्हणीची इतकी काटेकोर अंमलबजावणी दुसऱ्या कोणत्याही फाइलीने केलेली नाही.

पाइपवाला

शेलारमामांच्या यादीत भर घालतो. फाइलींतले बदल हाताळणाऱ्या पॅच आणि गिट या दोघांतही नव्याने निर्माण झालेल्या फाइलीचा फरक दाखवताना जुन्या बाजूचे नाव म्हणून '/डेव्ह/नल' छापले जाते, आणि फाइल पुसली असेल तर तेच नाव नव्या बाजूला येते. विंडोजवर गिट चालवले तरी तेथे 'एनयूएल' येत नाही. म्हणजे हे नाव आता एका डिव्हाइसपुरते राहिलेले नसून 'येथे फाइलच नव्हती' हे सांगणारी खूण झाली आहे.

जुनाजाणता

चर्चा युनिक्सपासून सुरू झाली म्हणून हा खुलासा करणे आवश्यक वाटते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ओएस/३६० च्या काळापासून, म्हणजे युनिक्सच्या आधीपासून, 'डीडी डमी' आहे. जॉबच्या सुरुवातीला प्रत्येक फाइल कोणत्या डिस्कवर वा टेपवर आहे हे जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबच्या सूचना लिहिण्याच्या भाषेत, एकेका डीडी विधानाने सांगावे लागते. त्या जागी 'डमी' लिहिले, की त्या फाइलीसाठी डिव्हाइसही दिले जात नाही आणि जागाही राखली जात नाही. प्रोग्रॅमने लिहिलेले जिथल्या तिथे विरते आणि वाचायला गेल्यास लगेच फाइल संपल्याची सूचना मिळते. डेटासेटचे नाव 'नलफाइल' असे दिले तरी हाच परिणाम होतो.

येथे रिक्तसंच यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे थोडे उत्तर आहे. युनिक्समध्ये नल ही खरोखरची नोंद आहे, जिचा मार्ग कोणीही कुठेही वापरू शकतो; मेनफ्रेमवर ती जॉब लिहिणाऱ्याने बाहेरून केलेली घोषणा आहे आणि प्रोग्रॅमला तिचा पत्ताही नसतो. शिवाय ती पूर्णपणे फुकट नाही. बफर (मजकूर तात्पुरता ठेवण्याची मेमरीतली जागा) बांधण्यासाठी ब्लॉकची लांबी कुठून तरी कळावीच लागते, आणि ती ना प्रोग्रॅममध्ये ना जेसीएलमध्ये अशी अवस्था असेल तर काहीही न करणारी ही फाइल उघडतानाच जॉब कोसळू शकतो.

अवांतर: त्याच यंत्रावर 'आयईएफबीआर१४' नावाचा काहीही न करणारा प्रोग्रॅमही आहे. तो मूळचा एकाच सूचनेचा होता, ती म्हणजे बोलावणाऱ्याकडे परत जा. पण परत जाताना प्रोसेसरमधले रजिस्टर १५ शून्य करायचे राहून गेले होते आणि जॉब यशस्वी झाला की नाही हे याच रजिस्टरवरून ठरत असल्याने, काहीही न करता हा प्रोग्रॅम अपयशी ठरू शकत असे. मग रजिस्टर शून्य करणारी दुसरी सूचना घालून तो दुरुस्त करण्यात आला. काहीही न करणेसुद्धा नीट करावे लागते.

कर्नलकर

लिनक्समध्ये याचा कोड 'ड्रायव्हर्स/कॅर/मेम.सी' या फाइलीत आहे आणि निराशा वाटावी इतका तो लहान आहे. लिहिण्याचे फंक्शन जितके बाइट लिहायला सांगितले तोच आकडा परत करते. वाचण्याचे फंक्शन शून्य परत करते. 'एलएस -एल' केल्यास परवान्यांच्या आधी 'सी' हे अक्षर दिसते, म्हणजे हे कॅरॅक्टर डिव्हाइस आहे, आणि एरवी जेथे फाइलीचा आकार छापला जातो तेथे '१, ३' असे दोन आकडे दिसतात. पहिला मेजर क्रमांक, दुसरा मायनर. त्याच १ या मेजर क्रमांकाखाली ५ वर झिरो, ७ वर फुल, ८ वर रँडम आणि ९ वर युरँडम आहेत. मॅकओएसवर नलचे आकडे '३, २' असतात, आणि सोलारिसवर '/डेव्ह/नल' ही नुसती सिंबॉलिक लिंक असून खरे डिव्हाइस '/डिव्हाइसेस' खाली असते. तेव्हा नाव सारखे दिसले तरी आकड्यांवर विसंबून काही लिहू नये.

लिनक्सवरील एक बारकावा सांगण्यासारखा आहे. लिहिण्याच्या वेळी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, तुमच्या बफरमधील एकही बाइट कॉपी करत नाही, किंबहुना त्याकडे पाहतही नाही. त्यामुळे बफरचा पत्ता म्हणून शून्य दिले तरी लिहिणे यशस्वी झाल्याचे उत्तर मिळते, जे खऱ्या फाइलीच्या बाबतीत कधीच घडणार नाही. नलमध्ये लिहून प्रोग्रॅमचा वेग मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे; बाइट तयार करण्याचा खर्च तुम्ही मोजता, पण ते पोचवण्याचा खर्च त्यात नसतोच.

पाइपवाला

मी डिस्कचा वाचनाचा वेग पाहण्यासाठी 'डीडी' या युनिक्सच्या कॉपी करणाऱ्या कमांडचे (मेनफ्रेमच्या डीडीचे नव्हे) आउटपुट नेहमी नलकडे वळवतो. कर्नलकर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे मोजमाप फसवे ठरते का?

कर्नलकर

नाही, तुमचे मोजमाप योग्य आहे. तुम्हाला वाचनच मोजायचे आहे, तेव्हा लिहिण्याचा खर्च शून्य असणे हाच येथे फायदा आहे. फक्त आधी वाचलेला भाग मेमरीतील कॅशमधून येत नाही ना, एवढे पाहावे. मात्र नुसते शून्य बाइट देत राहणाऱ्या '/डेव्ह/झिरो' मधून वाचून '/डेव्ह/नल' मध्ये लिहिल्यावर सेकंदाला अमुक गिगाबाइट असा जो आकडा काही जण अभिमानाने दाखवतात, त्यात डिस्कचा काडीमात्र संबंध नसतो.

याहून मोठा सापळा ग्नू टार या आर्काइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. आर्काइव्ह थेट '/डेव्ह/नल' वर लिहायला सांगितले, तर टार ते ओळखते आणि फाइलींचा मजकूर वाचण्याच्या भानगडीतच पडत नाही. हा दोष नाही. अमांडा ही बॅकअप प्रणाली सुरुवातीला एकूण आकाराचा अंदाज घेते, तिला याचा उपयोग होतो, आणि टारच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट नमूद केलेले आहे. पण सगळ्या फाइली नीट वाचता येतात की नाही हे तपासण्यासाठी कोणी ही युक्ती वापरली, तर काही गिगाबाइटचे काम क्षणात आटोपते आणि तपासलेले काहीच नसते. मध्ये 'कॅट' घालून पाइपमधून नलकडे पाठवल्यास टारला शेवटचे ठिकाण दिसत नाही आणि ते इमानेइतबारे सगळे वाचते. ग्नू ग्रेपही असेच करते: आउटपुट नलकडे जाते आहे असे दिसले, की पहिली ओळ सापडताच थांबते.

तात्पर्यहीन

बॅकअप नलमध्ये घेतल्यास वेग सर्वोत्तम मिळतो आणि जागाही लागत नाही. रिस्टोअरची तेवढी अडचण आहे.

खिडकीबाहेर

आता विंडोजकडे वळू, कारण खरा फरक तेथे आहे. १९८१ सालच्या पहिल्या डॉसमध्ये डिरेक्टरी ही गोष्टच नव्हती. एका फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच यादीत असत, त्यामुळे 'सीओएन', 'पीआरएन', 'एयूएक्स' आणि 'एनयूएल' ही डिव्हाइसांची नावे सरसकट राखीव ठेवणे सोपे होते. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टऱ्या आल्या, आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ही नावे प्रत्येक डिरेक्टरीत आहेत असे मानण्यात आले. नावापुढे एक्स्टेन्शन लावले तरी फरक पडत नसे, 'एनयूएल.टीएक्सटी' हेसुद्धा नलच. अगदी अलीकडे, विंडोज ११ मध्ये, यांतले काही नियम सैल करण्यात आले आहेत.

म्हणजे युनिक्समध्ये नल एका ठरलेल्या जागी राहते, तर डॉसच्या वंशात ते सर्वव्यापी आहे. बॅच फाइली लिहिणाऱ्यांनी याचाही उपयोग करून घेतला. एखादी डिरेक्टरी अस्तित्वात आहे का हे तपासण्याची थेट सोय जुन्या डॉसमध्ये नव्हती, म्हणून 'इफ एक्झिस्ट सी:\कामे\एनयूएल' असे लिहीत. डिरेक्टरी असेल तर तिच्यात नल असणारच, नसेल तर नाही.

विंडोज एनटीच्या कर्नलमध्ये मात्र याला रीतसर '\डिव्हाइस\नल' असे ठिकाण आहे आणि 'नल.सिस' हा स्वतंत्र ड्रायव्हर ते चालवतो. 'एनयूएल' हे त्याचे वरच्या थरातले टोपणनाव आहे.

अनामिक_सदस्या

यात कौतुक करण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही. फाइलींच्या नावांच्या जगात अदृश्य अपवाद पेरून ठेवणे ही रचनेतली चूकच आहे आणि तिची किंमत मोजावी लागली आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अशी दोन राखीव नावे एकाच मार्गात एकापाठोपाठ आली, म्हणजे 'सीओएन\सीओएन' असे काही उघडायचा प्रयत्न झाला, तर अख्खे यंत्र कोसळत असे, आणि तो मार्ग एखाद्या वेबपानातूनही देता येत असे. मायक्रोसॉफ्टला २००० साली त्यासाठी सुरक्षा दुरुस्ती काढावी लागली.

खिडकीबाहेर

तुमचा आक्षेप मान्य आहे, पण पर्याय काय होता तेही सांगा. १९८३ साली ही नावे एका ठरावीक डिरेक्टरीत हलवली असती, तर प्रिंटरला छापायला पाठवणारा प्रत्येक जुना प्रोग्रॅम कोणत्याही उपडिरेक्टरीत 'पीआरएन' नावाची फाइल बनवून गप्प बसला असता. रचनेचा सुबकपणा आणि चालू असलेले प्रोग्रॅम चालू ठेवणे यांत त्यांनी दुसऱ्याची निवड केली. ती मला आजही योग्य वाटते.

जुनाजाणता

डॉसच्या आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टमच्या 'पिप' या कॉपी करण्याच्या प्रोग्रॅममध्येही 'एनयूएल:' होते, पण त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता. ते वाचल्यास चाळीस शून्य बाइट मिळत, आणि कागदी टेप पंच केल्यावर शेवटी कोरा भाग सोडण्यासाठी त्यांचा उपयोग होई. नाव तेच असले म्हणजे वचनही तेच, असे समजू नये.

बिटधारी

विंडोजवरील या प्रकाराचा एक प्रत्यक्ष त्रास येथे नोंदवून ठेवतो, कारण शोधणाऱ्याला तो उपयोगी पडेल. गिटबॅश किंवा सिगविनसारख्या युनिक्सी वातावरणात कोणी सवयीने '> एनयूएल' लिहिले, तर त्या शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) ते नाव राखीव वाटत नाही आणि ते त्या नावाची खरीखुरी फाइल बनवते. ती एक्सप्लोररमध्ये दिसते, पण पुसता येत नाही, उघडता येत नाही, तिचे नावही बदलता येत नाही, कारण विंडोजचा वरचा थर ते नाव दिसताच डिव्हाइसकडे वळतो. एका प्रकल्पात अशी फाइल झिपमध्ये जाऊन दुसऱ्यांच्या यंत्रांवर पोचली होती आणि झिप उलगडताना प्रत्येकाला निराळा एरर येत होता.

उपाय असा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डेल' ला पूर्ण मार्ग द्यावा आणि त्याच्या आधी '\\?\' लावावे, म्हणजे नावाची तपासणी टाळली जाते आणि फाइल पुसली जाते. ज्या शेलने ती बनवली त्यातूनच 'आरएम' केले तरी चालते.

अनामिक_सदस्या

मूळ विषयाची दुसरी बाजू मांडते. नल डिव्हाइसचा सर्वांत मोठा उपयोग आणि सर्वांत मोठा दुरुपयोग एकच आहे, तो म्हणजे एरर लपवणे. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या 'क्रॉन' मधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी '> /डेव्ह/नल २>&१' चिकटवण्याची जी प्रथा पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे माणसांच्या बाबतीत ठीक आहे; सर्व्हरच्या बाबतीत ती मूठ कधीतरी उघडावी लागते आणि तेव्हा आत काही नसते. क्रॉन मेल पाठवते ते आउटपुट असेल तरच. तेव्हा फक्त नेहमीचे आउटपुट नलकडे वळवावे आणि एररला हात लावू नये, म्हणजे सारे सुरळीत असताना शांतता राहते आणि बिघडल्यावर मेल येतो.

शेलारमामा

अनामिक_सदस्या यांच्याशी तत्त्वतः सहमत आहे, तरी सरसकट विरोध मात्र पटत नाही. एखादी कमांड केवळ तिच्या निकालाच्या आकड्यासाठी चालवायची असते, उदाहरणार्थ अमुक प्रोग्रॅम यंत्रावर आहे का एवढेच पाहायचे असते. तेथे तिचा मजकूर आणि तिचे एरर दोन्ही निरुपयोगी असतात.

पण निदान ती ओळ तरी बरोबर लिहावी. येथे १ म्हणजे नेहमीचे आउटपुट आणि २ म्हणजे एरर. शेल वळणे डावीकडून उजवीकडे लावते. '> /डेव्ह/नल २>&१' मध्ये आधी नेहमीचे आउटपुट नलकडे जाते आणि मग एररला 'ते जेथे आहे तेथे जा' असे सांगितले जाते, म्हणून दोन्ही नलकडे जातात. क्रम उलटा करून '२>&१ > /डेव्ह/नल' लिहिले, तर एररला सांगितले जाते तेव्हा आउटपुट अजून टर्मिनलवरच असते. परिणामी एरर टर्मिनलवर येतात आणि नलकडे फक्त आउटपुट जाते. कधी कधी हेच हवे असते, विशेषतः फक्त एरर पाइपमध्ये द्यायचे असतात तेव्हा.

बॅशमधले '&> /डेव्ह/नल' हे लघुरूप साध्या 'एसएच' साठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये वापरू नये. डॅशसारखे शेल त्यातल्या '&' चा अर्थ 'ही कमांड पार्श्वभूमीत टाक' असा घेते. मग आउटपुट तर दडपले जात नाहीच, उलट स्क्रिप्ट कमांड संपण्याची वाट न पाहता पुढे जाते.

पाइपवाला

इनपुटच्या बाजूने असाच एक प्रकार आहे. सर्व्हरांच्या नावांची फाइल 'व्हाइल रीड' ने एकेक ओळ वाचून प्रत्येकावर 'एसएसएच' ने कमांड चालवायची, अशी स्क्रिप्ट पहिल्या सर्व्हरनंतर गुपचूप संपते. कारण एसएसएच स्वतःही तेच इनपुट वाचते आणि उरलेली यादी गिळून टाकते. '< /डेव्ह/नल' असे इनपुट दिले, किंवा तेच काम करणारा '-एन' हा पर्याय लावला, की सगळे सर्व्हर नीट होतात.

कर्नलकर

डीमन प्रोग्रॅमांचे उदाहरण याहून बोलके आहे. पार्श्वभूमीत जाणारा प्रोग्रॅम ०, १ आणि २ (इनपुट, आउटपुट आणि एरर) या तिन्ही डिस्क्रिप्टरना, म्हणजे उघड्या फाइलींच्या क्रमांकांना, नुसते बंद का करत नाही, नलला का जोडतो? कारण नवी फाइल उघडली की तिला सर्वांत लहान मोकळा क्रमांक मिळतो. २ बंद असेल आणि पुढे डेटाबेसची फाइल उघडली, तर ती २ वर येऊन बसू शकते. मग कुठल्यातरी लायब्ररीने सवयीने एररचा संदेश २ वर लिहिला, की तो मजकूर थेट डेटाबेसच्या फाइलीत जातो. नल येथे जागा धरून बसण्याचे काम करते.

बिटधारी

रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून काम करणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना द्यायला हवी. '/डेव्ह/नल' चे परवाने ६६६ असल्याने लिहिणे सर्वांना शक्य असते, पण ती नोंद पुसणे सामान्य वापरकर्त्याला शक्य नसते. रूटला असते. रूट असताना 'एमव्ही फाइल /डेव्ह/नल' केले, किंवा काम फसल्यावर अर्धवट आउटपुट फाइल पुसून टाकणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला आउटपुट म्हणून नल दिले, तर डिव्हाइस नाहीसे होते. त्यानंतर जो कोणी प्रथम '> /डेव्ह/नल' करील, तो त्या जागी एक साधी फाइल बनवतो. ती फाइल वाढत जाते, सामान्य वापरकर्त्यांना लिहिण्याची परवानगी मिळत नाही, आणि जे प्रोग्रॅम तेथून रिकामे इनपुट मिळण्याची खात्री धरून असतात त्यांना दुसऱ्याच कोणाचा तरी कचरा वाचायला मिळतो. 'एलएस -एल' मध्ये पहिले अक्षर 'सी' ऐवजी आडवी रेघ दिसली, की समजावे. लिनक्सवर ती फाइल पुसून लगेच 'एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल सी १ ३' हा उपाय आहे.

कर्नलकर

बिटधारी यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो, की 'हे नल खरोखर नल आहे' या विश्वासावर बरेच काही उभे आहे. लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमध्ये एखादी सर्व्हिस 'मास्क' करणे (ती सुरूच होऊ न देणे) म्हणजे तिच्या नावाची लिंक '/डेव्ह/नल' कडे जोडणे. कंटेनर चालवणारे 'रनसी' हे कर्नलची माहिती दाखवणाऱ्या '/प्रॉक' मधल्या काही संवेदनशील फाइलींवर कंटेनरमधलेच नल पांघरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये रनसीमधला जो दोष जाहीर झाला, तो असा होता की पांघरण्यापूर्वी ते नल अस्सल आहे का याची पुरेशी तपासणी होत नव्हती. हल्लेखोराने त्या जागी दुसरीकडे नेणारी लिंक ठेवली, तर जे झाकायचे तेच उघडे पडण्याची सोय होती.

तात्पर्यहीन

म्हणजे 'काहीही नाही' याचीसुद्धा बनावट आवृत्ती निघते.

अनामिक_सदस्या

नलची जी भावंडे कर्नलकरांनी मोजली, त्यांतल्या 'फुल' कडे लोक दुर्लक्ष करतात. नल प्रत्येक लिखाण यशस्वी झाल्याचे सांगते. '/डेव्ह/फुल' प्रत्येक लिखाणाला डिस्क भरल्याचा एरर देते. आपला प्रोग्रॅम त्याच्याकडे वळवून पाहावा. सी भाषेतला शिकाऊ प्रोग्रॅम, जो एक ओळ छापून शून्य परत करतो, तो येथे काहीही न छापताही यशस्वी झाल्याचे सांगतो, कारण छापण्याचा निकाल त्याने तपासलेलाच नसतो. नलवर चाचणी केली तर हा दोष कधीच दिसणार नाही.

रिक्तसंच (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण भाषेच्या पातळीवरच्या सोयीबद्दल कोणी बोलले नाही. डॉटनेटमध्ये 'स्ट्रीम.नल' आहे, गोमध्ये 'आयओ.डिस्कार्ड' आहे, जावाच्या ११ व्या आवृत्तीपासून 'नलआउटपुटस्ट्रीम' आहे. हे असताना ऑपरेटिंग सिस्टमच्या नलची गरज काय, हा माझा मुद्दा अजून उभा आहे.

शेलारमामा

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही वस्तू त्या एका प्रोसेसच्या मेमरीपुरत्या आहेत. तुमच्या प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम चालू केला, की त्याला हातात द्यायला ऑपरेटिंग सिस्टमचे खरे हँडल किंवा डिस्क्रिप्टर लागते. मेमरीतली वस्तू प्रोसेसची सीमा ओलांडू शकत नाही. एक तर पाइप उघडून समोरून येणारे सगळे स्वतः उपसत बसावे लागेल, नाहीतर नल द्यावे लागेल. म्हणूनच पायथनच्या ३.३ आवृत्तीत 'सबप्रोसेस.डेव्हनल' स्वतंत्रपणे आले, आणि गोमध्ये नव्या प्रोसेसचे इनपुट काहीच सांगितले नाही तर गो स्वतःच तिला नल डिव्हाइस उघडून देते. भाषा तुम्हाला जे देतात ते बहुतांशी योग्य नावाची निवड आहे: पायथनमधले 'ओएस.डेव्हनल' युनिक्सवर एक नाव देते, विंडोजवर दुसरे.

रिक्तसंच (धागाकर्ता)

प्रोसेसची सीमा हा मुद्दा निर्णायक आहे, तो मान्य करतो. मग माझ्या स्क्रिप्टमध्ये नाव हाताने न लिहिता ते पायथनकडूनच घेईन. एकच भाग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ठेवावा लागणार आहे. तेथे 'एनयूएल' चालेल का?

खिडकीबाहेर

चालणार नाही. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये '> एनयूएल' लिहिल्यास, जे उघडायला सांगितले ती फाइल नसून डिव्हाइस आहे, अशी तक्रार येते. तेथे '> $नल' लिहावे किंवा पाइपच्या शेवटी 'आउट-नल' जोडावे. हे '$नल' ऑपरेटिंग सिस्टमचे डिव्हाइस नसून पॉवरशेलचे स्वतःचे रिकामे मूल्य आहे. ज्या ठिकाणी बाहेरच्या प्रोग्रॅमला फाइलीचे नावच द्यायचे असेल, उदाहरणार्थ 'लॉग कुठे लिहू' या पर्यायापुढे, तेथे मात्र 'एनयूएल' हेच लिहावे, कारण ते नाव पॉवरशेल उघडत नाही, तो प्रोग्रॅम उघडतो.